दोन घमेल्यांतला टीव्ही स्टँड

टीव्ही भिंतीवर होता तोवर दादा आमच्याकडे टिकतील अशी खात्री नव्हती.

दादा म्हणजे माझे वडील. त्यांनी उभी हयात मेंढरं राखली. आई गेल्यावर दोन वर्षं ते शेतातल्या खोलीत एकटेच राहिले. एका उन्हाळ्यात चक्कर येऊन बांधावर पडले आणि तासाभरानं शेजारच्या शेतकऱ्याच्या नजरेस आले. यापुढे एकटं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मेंढरं विकली आणि त्यांना आष्टीला आमच्या घरी आणलं. मला भाऊ नाही.

आमच्याकडे बाप लेकीच्या घरी पाहुणा म्हणून येतो, चार दिवस राहतो आणि जातो. दादांच्या वडिलांनी लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. दादा तेवढे कडक नव्हते. पण त्यांची कापडी पिशवी दाराजवळच्या खुंटीवर टांगलेली असायची आणि कपडे तिच्यातच असायचे. कपाटात त्यांच्यासाठी मोकळा केलेला कप्पा मोकळाच राहिला. किती दिवस राहणार, असं त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

दिवसभर घरात ते एकटे. माझे यजमान शाळेत, मी वर्तमानपत्राच्या तालुका कार्यालयात. त्यांना सोबत होती ती टीव्हीवरच्या जंगली प्राण्यांच्या कार्यक्रमांची. निवेदकाला ते थेट उत्तर द्यायचे. "ह्यो लांडगा न्हाई बे. लांडगा असा बोंबलत येत न्हाई, नेल्यावर कळतं."

अडचण उंचीची होती. टीव्ही सोफ्याच्या हिशेबानं, त्यातही जरा वरच, भिंतीत ठोकलेला होता. दादा सोफ्यावर बसत नसत. भिंतीला टेकून जमिनीवर घोंगडं अंथरायचं आणि त्यावर मांडी घालायची, ही त्यांची बसण्याची रीत. तिथून टीव्ही बघायचा तर हनुवटी वर करावी लागायची.

"कावून येवढ्या वर टांगलाय?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "इमान बघावं तसं बघावं लागतंय."

दुसऱ्या आठवड्यात त्यांची मान आखडली. मी तेल चोळत होते, तेव्हा ते म्हणाले, "मान सांगायली, घरी चल म्हणून."

हसत म्हणाले, पण पिशवी त्या दिवशी खुंटीवरून खाली आली होती. यजमानांनी त्याच संध्याकाळी मोबाइलवरून टीव्ही स्टँड मागवला.

स्टँड आला तो एका चपट्या खोक्यात. दादांनी खोक्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "पाव्हणं, ह्याच्यात टेबल हाय का टेबलाचा फोटू?"

रविवारी सकाळी खोकं उघडलं. आठ फळ्या, लाकडाच्या छोट्या खुंट्यांची एक पुडी, स्क्रूंची एक पुडी, वाकडी चावी आणि एक कागद. कागदावर एकही अक्षर नव्हतं, सगळी चित्रं. दादांना वाचता येत नाही. त्या सकाळी ते आणि आम्ही दोघं पदवीधर सारखेच होतो. किंबहुना एक फळी उलटी बसली आहे, हे चित्रावरून त्यांनीच आधी ओळखलं. यजमानांना ते दोन वेळा सांगावं लागलं.

दुपारपर्यंत स्टँड उभा राहिला. दोन्ही बाजूंच्या फळ्याच खाली जमिनीपर्यंत पाय म्हणून उतरलेल्या, मध्ये दोन कप्पे. हात लावला की तो डुलायचा. खालच्या कप्प्याच्या खुंट्या भोकांत सैल होत्या.

"उद्या सुताराला दाखवू," यजमान म्हणाले. "तोवर टीव्ही ठेवायचा नाही."

"येवढ्याला सुतार?" दादा म्हणाले.

सोमवारी संध्याकाळी मी घरी आले, तेव्हा स्टँड पाण्यात उभा होता. बांधकामातली दोन घमेली माळ्यावर पडून होती. ती काढून, भरून दादांनी प्रत्येक पाय एकेका घमेल्यात ठेवला होता. खालच्या सांध्यांना ओली पोती गुंडाळली होती.

कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला की कुऱ्हाड पाण्यात ठेवायची. लाकूड फुगतं आणि पातं आवळून बसतं. आमच्या गावात हे कुणी कुणाला शिकवत नाही. दादांनी सैल खुंट्यांवर तोच इलाज केला होता. फक्त हे लाकूड नव्हतं. भुसा दाबून केलेल्या फळीवर लाकडाच्या रंगाचा कागद चिकटवला होता. पोतं काढलं तर कागद सुटला होता आणि खालच्या कडा भिजलेल्या पावासारख्या फुगल्या होत्या.

दादांनी बोट लावून बघितलं. बोट आत गेलं.

"हे लाकूडच न्हाई," ते म्हणाले.

यजमान तेवढ्यात आले. त्यांनी स्टँडकडे पाहिलं, घमेल्यांकडे पाहिलं. "मामा, अजून चार दिवस ठेवला असता तर कोंब फुटले असते."

एरवी या बोलण्याला दादांनी सवाई उत्तर दिलं असतं. ते उठले, पुन्हा खुंटीवर गेलेली पिशवी घेतली आणि दोरीवर वाळत घातलेलं धोतर घडी करून तिच्यात ठेवलं. "उद्या सकाळच्या गाडीनं जातो, बाई. लेकीच्या घरी ऱ्हायचं आन वर नुसकान करायचं, हे बरं न्हाई."

नुकसानीचं काही नाही, असं मी सांगितलं. यजमानांनीही दोनदा सांगितलं. दादांनी पिशवीचे बंद बांधले.

सकाळी मी रजा टाकली. सुतार येऊन गेला. त्यानं फळीवर टिचक्या मारल्या. "वरचं कोरडं हाय. फुगलंय तेवढं कापून टाका, ऱ्हायलेलं चालंल. सांधा मी पत्तीनं आवळून देतो." कोपऱ्यांत चार लोखंडी पत्त्या ठोकून, दुसरीकडे काम आहे म्हणून तो निघाला. दादांनी त्याची करवत ठेवून घेतली.

"गाडी?" मी विचारलं.

"दुपारची हाय की. माझ्या हातानं बिघडलंय, करून जातो."

फुगवटा चार बोटं चढला होता. पण दादांनी खूण करण्याआधी घोंगडं अंथरलं, त्यावर मांडी घातली, सरळ पाहिलं आणि मला शेजारच्या भिंतीवर नजरेच्या रेषेत पेन्सिलीनं रेघ मारायला लावली. मग टीव्हीची उंची काठीनं मोजली आणि फुगवट्याच्या आणखी दोन बोटं वर खूण केली. "कापायचंच हाय तर कामाचं कापू."

दोन्ही फळ्या कापायला तास लागला. घरभर भुसा झाला. कापलेल्या कडांना फाटकाचा उरलेला हिरवा रंग दिला. तो वाळल्यावर खाली जुन्या टायरचे तुकडे ठोकले, म्हणजे फरशी पुसताना पाणी लागणार नाही. टीव्ही भिंतीवरून उतरवून वर ठेवला. स्टँड हलला नाही.

दादा घोंगड्यावर बसले. हनुवटी छातीशी काटकोनात, नजर सरळ. पडद्यावर लांडग्यांचा कळप हरणांच्या मागे लागला होता.

"आता ह्यो खरा," ते म्हणाले. "बघ, म्हातारं मागं ठिवलंय त्यांनी."

दुपारच्या गाडीची वेळ झाली तेव्हा यजमान शाळेतून जेवायला आले होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मामा, सोडू का स्टँडवर?"

"कोनत्या?" दादांनी मान न वळवता विचारलं. "ह्याला हरीण घावतं का न्हाई येवढं बघू द्या."

लांडग्याला हरीण घावलं नाही. दादा म्हणाले, उद्या बघू.

याला आता दोन वर्षं झाली. आम्ही सोफ्यावर बसलो तर मान खाली घालावी लागते, म्हणून बहुतेक वेळा तिघंही जमिनीवरच बसतो. स्टँडच्या वरच्या कप्प्यात दादांचा चष्मा, चुन्याची डबी आणि रेडिओ असतो. फरशी पुसायला येणाऱ्या बाईंना ते रोज न चुकता सांगतात, "त्याला पानी लागू देऊ नको, बाई. लई नाजूक हाय." त्या म्हणतात, "माहीत हाय मला, कुनी भिजवलतं ते."

धोतरं कपाटात गेली. कधी गेली, ते मला सांगता येणार नाही. एकदा इस्त्रीचे कपडे ठेवताना तो कप्पा भरलेला दिसला. पिशवी स्टँडच्या खालच्या कप्प्यात आहे. तिच्यात तो चित्रांचा कागद, वाकडी चावी आणि उरलेले पाच स्क्रू आहेत.