शून्यापासून निघालेली रेघ

वीस वर्षं यवतमाळच्या कॉलेजात थर्मोडायनॅमिक्स मीच शिकवायचो. मागच्या वर्षी माझीच एक जुनी विद्यार्थिनी, राळेगावची, आमच्या विभागात शिकवायला आली, या विषयाचे अर्धे तास तिला मिळाले आणि पोरं तिच्या तासाला दाटीवाटीनं बसू लागली. माझ्या तासाला पंखेच जास्त फिरायचे. मी जळलो, यात लपवायचं काय. पुढच्या सत्रात विषय कोणाकडे द्यायचा हे ठरायचं होतं, म्हणून विभागप्रमुख तिच्या तासाला येऊन बसले. मीही गेलो, तिची एखादी चूक सापडावी एवढ्याचसाठी.

ती रेसिड्युअल फ्री एनर्जी शिकवत होती. खऱ्या वायूची मुक्त ऊर्जा आणि त्याच तापमानाला, त्याच दाबाला तो आदर्श असता तर जी असती ती, यांतला फरक. मला नुसत्या व्याख्येला अर्धा तास लागतो. तिनं दारव्ह्याला जाणाऱ्या जीपचं उदाहरण घेतलं. रिकाम्या जीपमध्ये कोण कुठं बसलं याचं कोणाला काही नसतं, भरली की कोपरं लागायला लागतात; दाब वाढला की वायूच्या कणांचंही तसंच. पोरं हसली आणि त्यांना कळलंही.

मग तिनं आलेख काढला. आडवा दाब. उभी, झेडमधून एक वजा करून दाबानं भागलेली किंमत. झेड म्हणजे वायू आदर्शाच्या किती जवळ ते सांगणारा आकडा; आदर्श वायूचा झेड एक. खरा वायू त्यापासून ढळतो. तिची रेघ शून्य दाबाला शून्यावर न येता खाली उण्या बाजूलाच थांबली. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मी उभा राहिलो.

"मॅडम, शून्य दाबाला प्रत्येक वायू आदर्श. झेड एक. मग इथं शून्य नको का?"

तिनं खडू खाली ठेवला. मग पोरांकडे वळली.

"सर मुद्दाम विचारून राह्यले. तुमच्यातल्या कोणी काहून नाही विचारलं? भागाकारात वर शून्य आहे, पण खालीही शून्यच आहे. मग उत्तर शून्य कसं म्हणता? बाकीच्या बिंदूंची रेघ मागं वाढवून पाहा लागते."

विभागप्रमुखांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. तिनं मला वाचवलं, हे मला शिवीपेक्षा जास्त झोंबलं.

घरी येऊन जुनी वही काढली. माझा आलेख लाल शाईत, शून्यापासूनच निघालेला. वीस वर्षं मी तसाच शिकवला होता. त्या टोकाशी पेन्सिलीचं एक बारीक प्रश्नचिन्ह होतं. ती वही मी आजवर एकाच विद्यार्थिनीला दिली होती.

दुसऱ्या दिवशी विषय मीच सोडतो म्हणून सांगितलं. सगळे म्हणाले, सरांचं मन मोठं. ती तेवढी काही बोलली नाही. त्यावरही मी जळलो.