गंजीमागची तालीम

त्या वर्षी नागपंचमीला मी कुस्ती हरलो. त्यानंतरच्या सोमवारी वडिलांनी मला तालुक्याच्या शाळेत नेऊन घातलं. मी पुन्हा तालमीच्या हौदात उतरलो नाही.

आमचं गाव आदिलाबादकडच्या मुधोळपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर. राज्य निजामाचं होतं. कचेरीतला कागद उर्दूत यायचा, बाजारात तेलुगू चालायची, आणि घरात, शेतात, भांडणात मराठी. मारुतीच्या देवळामागे तालीम होती. चार भिंती, वर कवेलूंचं छप्पर, आत लाल मातीचा हौद. वस्ताद मुसलमान होते. तरुणपणी एका जहागीरदाराकडे शिपाई होते, नंतर गावात येऊन शेती करत आणि पोरांना कुस्ती शिकवत. हौदात उतरण्याआधी आम्ही मारुतीला हात जोडायचो तेव्हा तेही दाराशी डोळे मिटून उभे राहत.

मला पहेलवान का व्हायचं होतं, हे आता सांगायला थोडं हसू येतं. मी नऊ वर्षांचा असताना गावच्या जत्रेला एक पहेलवान आला होता. तो दोन दिवस आमच्या आळीत उतरला होता. त्या दोन दिवसांत तो दहा शब्दसुद्धा बोलला नसेल. लोक विचारत, तो मान हलवी. लोक हसत, तो पान चघळी. तरी सारं गाव त्याच्या मागे. मी अबोल पोरगा होतो, आणि त्यावरून रोज कोणी ना कोणी मला बोलायचं. "तोंडात मूग धरून राह्यला काय रे?" पहेलवानाला असं कोणी म्हणत नव्हतं. मी ठरवून टाकलं.

हे मी पहिल्यांदा अक्काला सांगितलं. अक्का माझी बहीण, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. आम्ही दोघंच. ती हसली नाही. "मंग दूध लागन," म्हणाली, आणि उठून वडिलांकडे गेली. आमच्याकडे एक म्हैस होती. त्या दिवसापासून अक्काच्या वाट्याचं दूध माझ्या पेल्यात यायला लागलं. तिनं वडिलांना काय सांगितलं ते मला माहीत नाही. वडिलांसमोर उभं राहून बोलणारी घरात ती एकटीच होती.

तालमीत बाईमाणसानं पाऊल टाकायचं नाही असा नेम होता. अक्का देवळापर्यंत यायची, पुढे नाही. म्हणून रोज संध्याकाळी मी घरी आलो की ती विचारायची, "आज काय शिकवलं?"

सुरुवातीला मी तोंडानं सांगायचो. पण मला बोलणं कुठं जमायचं? मग आम्ही वाड्याच्या मागे कडब्याच्या गंजीपाशी जायला लागलो. तिथं खाली नेहमी चार बोटं भुस्सा पडलेला असायचा. पडलं तरी लागत नव्हतं. मी डाव दाखवायचो आणि अक्का तो माझ्यावर करायची. लुगड्याचा कासोटा घट्ट खोचायची, बांगड्या कोपरापर्यंत सारायची आणि म्हणायची, "ये."

ती दोन घागरी डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन ओढ्यावरून चढ चढून यायची. तिच्या हातात बळ होतं. पण नुसतं बळ नव्हतं. मी डाव जसा शिकवला तसा पाठ करायचो. ती त्यात काहीतरी शोधत राहायची.

"असं नाई," एकदा म्हणाली. "असं धरलं तं मी निंगून जाईन."

"वस्तादनं असंच शिकवलं."

"वस्तादले बोलाव मंग. धर."

ती मागून धरायची पकड होती. समोरच्याच्या मागे जाऊन त्याच्या कमरेला मिठी मारायची, उचलायचं आणि पाडायचं. वस्ताद सांगत की ही पकड बसली तर पुढे जोर करून सुटायचं. मी अक्काला तशी धरली. ती पुढे गेलीच नाही. खाली वाकली, स्वतःच्या दोन पायांच्या मधून हात घातला, माझा घोटा धरला आणि वर ओढला. मी पाठीवर पडलो आणि अक्का माझ्या पोटावर बसली.

"आता बोल," ती म्हणाली.

मी बोलू शकत नव्हतो. श्वास गेला होता. ती हसत हसत उठली. तिच्या केसांत भुस्सा होता. आईनं तो संध्याकाळी वेचून काढला आणि एक शब्द विचारला नाही. आईला ठाऊक होतं, आणि तिनं ते कधी कोणाला सांगितलं नाही.

काही दिवसांनी तालमीत एका मोठ्या पोरानं मला कमरेला धरलं तेव्हा मी अक्काची ती तोड त्याच्यावर केली. तो पडला. वस्ताद हौदाच्या काठावरून उठले.

"ये किसने सिखाया रे तेरेकू?"

"किसीने नै."

"झूट नक्को बोल."

मी मान खाली घातली. त्यांनी मला सगळ्या पोरांसमोर ती तोड करून दाखवायला लावली. त्या दिवशी मी घरी पळत आलो. अक्काला सांगताना शब्द कमी पडले नाहीत, हे मला अजून आठवतं. तिनं दोनदा सांगायला लावलं. वस्ताद कसे उठले, ते तर तीनदा.

असं तीन वर्षं चाललं. मग अक्का सासरी गेली. लग्न आधीच झालं होतं, नांदायला तेव्हा धाडली. गाव गोदावरीच्या पलीकडे होतं. ती गेल्यावर मी तालमीत जात राहिलो, दूध पीत राहिलो. संध्याकाळी घरी आल्यावर मात्र करायला काही नव्हतं. वडिलांकडे काही जुन्या पोथ्या होत्या, त्या काढल्या. गावातल्या मास्तरांकडून एकेक पुस्तक आणू लागलो. पुढे पुढे बैठका मारतानासुद्धा माझं पुस्तक हौदाच्या कट्ट्यावर उघडं असायचं. वस्तादांनी ते पाहिलं होतं. एकदा कुस्ती चालू असतानाच ओरडले, "क्या सोच रा रे तू? सोचना हय तो बाहर सोच. मिट्टी में उतरे बाद सोचना नक्को."

माझ्या चौदाव्या वर्षी वडिलांनी विषय काढला. तालुक्याला उर्दू शाळा होती. ती झाली की कचेरीत नोकरी मिळत असे. "पंचमीले मोठी कुस्ती लागून राह्यली," ते म्हणाले. "मारली तं तालीम कर, मी काई बोलत नाई. पडला तं शाळा." हे त्यांनी अक्काला निरोपातून कळवलं होतं, कारण माझ्या पहेलवान होण्याची बाजू तिनं घेतली होती.

पंचमीला लेकी माहेरी येतात. अक्का दोन दिवस आधीच आली. ती बारीक झाली होती. गाठोड्यातून तिनं एक बरणी काढली. तूप होतं. सासरी रोज भाकरीवर घ्यायला मिळणारं तूप ती दोन महिने बाजूला काढून ठेवत आली होती. "सासूले वाटलं मले तूप आवडत नाई," ती म्हणाली. "दोन दिवस खाय. मारून ये." मी खाल्लं. तिला पुस्तकांबद्दल काही सांगितलं नाही.

पंचमीला जमीन खणत नाहीत, म्हणून मैदानाची माती आदल्या दिवशीच खणून ठेवली होती. दुपारी हलगी वाजायला लागली. माझी जोड शेजारच्या गावच्या पोराशी लागली. तो माझ्यापेक्षा बुटका होता. थोडा वेळ आम्ही एकमेकांचे हात झटकत राहिलो. मग तो चपळाईनं माझ्या मागे गेला आणि त्यानं मला कमरेला धरलं.

मी खाली पाहिलं. त्याचा पाय माझ्या दोन पायांच्या मधे होता. अंगठ्याला जुनी ठेच लागलेली होती, तिची खपली मला दिसत होती. हात खाली घातला असता तर तो पाय माझ्या हातात होता. मी त्या पायाकडे पाहत राहिलो. मुद्दाम हरलो असं मी म्हणणार नाही. पण हात खाली गेला नाही, हे खरं. मग मी उचलला गेलो आणि पाठीवर पडलो. वर ढग होते. लोक ओरडत होते, आणि मला एकदम हलकं वाटलं.

वस्तादांनी मला हात देऊन उठवलं. "नीचे क्या देख रा था?"

"पाँव."

"पाँव दिख्या तो पकड्या कायकू नै?"

त्यांनी माझ्या खांद्यावरची माती झटकली आणि माझ्या वडिलांकडे वळून म्हणाले, "मदरसे में डालो, भाई. लडका अच्छा हय. मिट्टी का नै हय." ते रागावले नव्हते.

घरी आलो तेव्हा आळीतल्या पोरी लिंबाला बांधलेल्या झोक्यावर होत्या. अक्का त्यांच्यात नव्हती. ती घराच्या मातीच्या धाब्यावर उभी राहून मैदानाकडे कान लावून होती. मला पाहून खाली आली. खांदा धरून मला फिरवलं आणि पाठ पाहिली. पाठीला लाल माती होती. ती तिनं पदरानं पुसायला घेतली.

"कोन्या पकडीनं?"

"कमरेच्या."

तिचा हात थांबला. "मागून?"

"हो."

"पाय सापडला नाई?"

"दिसला होता."

तिनं माझं मनगट धरलं आणि मला गंजीमागे घेऊन गेली. दोन वर्षांत आम्ही तिथं गेलो नव्हतो. नव्या बांगड्या तिनं कोपरापर्यंत सारल्या. "धर," म्हणाली. मी धरलं. ती वाकली, हात खाली गेला, आणि मी भुश्श्यात पडलो. ती माझ्यावर बसली नाही. धापा टाकत उभी राहिली.

"अस्सं. एवढंच तं होतं. विसरला काय?"

"नाई."

"मंग काऊन नाई केलं?"

मी पडल्या पडल्याच बोललो. उभं राहून मला ते सांगता आलं नसतं. "अक्का, मले बरं वाटलं. पडलो तवा. सुटलो असं वाटलं."

ती गंजीला टेकून खाली बसली. "दोन महिने म्या कोरडी भाकर खाल्ली," ती म्हणाली. चिडून नाही, हिशेब लागत नसल्यासारखी. कडब्याचं एक ताट ओढून तिनं त्याचे तुकडे करायला सुरुवात केली. "तुले मातीत उतरू देतेत, अन् तू उतरत नाईस." आणि मग, "तुले कराचंच नव्हतं तं मले तीन वर्सं कायले शिकवून राह्यला होता रे?"

मला उत्तर आलं नाही. खरंच आलं नाही. ते माझ्याकडे तेव्हा नव्हतंच.

तिनं तुकडे टाकले, उठली, लुगडं झटकलं आणि आत गेली. सकाळी मी जेवायला बसलो तेव्हा उरलेलं सगळं तूप तिनं माझ्या ताटात ओतलं. "खाय," म्हणाली. "उर्दू लय कठीण असते म्हनतेत."

पुढचं साधं आहे. मी शाळा शिकलो. निजामाचं राज्य गेलं, उर्दू गेली, आणि मी आदिलाबादेत मास्तर झालो. अक्काला चार मुलं झाली. गंजीमागच्या तालमीबद्दल तिनं सासरी कोणाला सांगितलं नाही. आमच्यातही तो विषय पुन्हा निघाला नाही. निघाला तो फार उशिरा, दोघांचेही केस पांढरे झाल्यावर. मी तिच्या गावी गेलो होतो. ओट्यावर आम्ही दोघंच बसलो होतो. मुलं शेतात होती. मीच म्हणालो, अक्का, तू एकदा विचारलं होतंस. त्याचं उत्तर सापडलं.

"काय विचारलं होतं?"

मी आठवण दिली. तिला आठवत होतं, पण तिनं तसं दाखवलं नाही.

"मले गंजीमागचीच कुस्ती आवडे," मी म्हणालो. "तालमीतली नाई."

"मंग तालमीत रोज कायले जाये?"

"तुले येऊन सांगाले."

अक्कानं पदर तोंडाला लावला. ती हसते आहे की काय, ते मला कळेना. मग तिनं माझ्या गुडघ्यावर एक चापट मारली. "येडा," म्हणाली. "अन् आपल्या बापाचं दूध घातलं वाया."

अक्का गेली त्याला दीड महिना झाला. दहाव्याला तिच्या मुलांनी, सुनांनी तिच्याबद्दल पुष्कळ सांगितलं. ती कापूस सगळ्यांपेक्षा जास्त वेचायची, आंधळ्या सासऱ्याला हात धरून ओढ्यावर न्यायची, कोणापुढे नमायची नाही. सगळं खरं होतं. मी ऐकत बसलो आणि काही बोललो नाही.

अक्काला कुस्ती येत होती, हे माहीत असलेला आता मी एकटा आहे.