धाकूमामांचा हातगुण

घोडबंदरच्या टेकडीखाली जे कॉलेज आहे, तिथे तीन प्राचार्य आले नि गेले, पण माळी एकच राहिला, धाकू भुवड. मूळचा लांज्याकडचा, बिऱ्हाड नवघरच्या चाळीत. पोरं त्यांना धाकूमामा म्हणत. आणि मामांची हिरवळ म्हणजे काय विचारता! मे महिन्यात अख्खं भाईंदर टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेलं असायचं, आणि इकडे ऑफिससमोर हिरवंगार गवत. बागेच्या स्पर्धेतल्या तीन ढाली प्राचार्यांच्या कपाटात उभ्या होत्या. पाहुणा आला की प्राचार्य सांगणार, हा सगळा आमच्या मामांचा हातगुण. मामा मान खाली घालत. लोकांना वाटे, केवढा हा विनय! विनय कसला डोंबलाचा, माणूस लाजेनं मान घालत होता.

त्याचं असं झालं होतं. त्र्याण्णव साली कॉलेज उभं राहत होतं, तेव्हा हिरवळीच्या जागी झरा होता. टेकडीच्या पायथ्याशी उगम, तिथून इमारतीमागून ओढा वाहत खाडीला जायचा. काठाला करंज, दगडाखाली खेकडे. पण उद्घाटनाचा मंडप नेमका तिथेच घालायचा ठरला, आणि बड्या पाहुण्यांच्या बुटांना चिखल लागून कसं चालेल? भर टाका, असा वरून हुकूम आला. विटांचे तुकडे, फुटक्या फरश्या, सिमेंटच्या पिशव्या, सगळं झऱ्याच्या तोंडात गेलं. वरची माती धाकूनं ओढली.

मामांच्या गावात अशा पाण्याला गाऱ्हाणं घातल्याशिवाय कुणी हात लावत नाही. नारळ ठेवायचा, एकानं जागेवाल्या देवाला सगळं सांगायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला 'व्हय महाराजा' म्हणत साथ द्यायची. मामांनी नारळ आणला, पण साथीला माणूस कुठला? बांधकामावरचे मजूर परमुलखातले, ते आपल्या चुलीपाशी. मग मामा एकटेच उभे राहिले. पोटासाठी झाकतोय, पण मी इथं आहे तोवर तुला मोकळा करीन, असा शब्द दिला, आणि 'व्हय महाराजा'ही स्वतःच म्हणून टाकलं.

आणि मग? मग काय, गवत पेरलं. खालच्या ओलीनं ते असं फोफावलं की पहिल्याच वर्षी ढाल. दुसऱ्या वर्षी पुन्हा. आता हिरवळ फोडायची म्हणजे हातगुण आपला नव्हे, झऱ्याचा, हे चारचौघांत कबूल करायचं. ते काही मामांच्यानं होईना. बघता बघता तेरा वर्षं गेली.

अशात वनस्पतिशास्त्र शिकवायला मिनल मॅडम आल्या. गिरगाव सोडून भाईंदर पूर्वेला राहायला आलेलं त्यांचं घर. बाई कामाची खमकी. इमारतीमागचा कचऱ्यानं भरलेला मेलेला ओढा त्यांनी पाहिला आणि तो जिवंत करायचाच, असं मनावर घेतलं. पोरांकडून प्लास्टिक उपसून घेतलं, टेकडीवर पाणी मुरवायला आडवे चर खणले, लहान दगडी बांध घातले, काठाला करंज-उंबराची रोपं लावली. पावसाळाभर ओढा वाहायचा, दिवाळीत आटायचा, आणि शिमग्यापर्यंत रोपं वाळून काडी. दोन वर्षं हेच चाललं. मुळात झरा होता कुठे, तेच सापडेना. जुना नकाशा बघून तीन ठिकाणी खड्डे झाले. खणायला कोण? धाकूमामा! कोरड्या जागी, कोरडी आहे हे ठाऊक असून, घाम गाळून.

तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये संस्थेनं बजावलं, महिनाअखेर पाणी दिसलं नाही तर ओढा बुजवून गाड्या लावायला जागा करू. आणि मामा जूनमध्ये निवृत्त होणार. देवाला दिलेल्या शब्दाची मुदतही तीच. मामांचं जेवण तुटलं. बायको सुगंधा, तिला हे सगळं आधीपासून ठाऊक. तिनं ताट पुढ्यात सरकवलं आणि एवढंच म्हणाली की ढाली काय बरोबर नेता येणार आहेत?

दुसऱ्या दिवशी चौथ्या खड्ड्याची आखणी झाली. मॅडमच्या तळव्याला फोड आले होते. त्यांनी पहार मामांच्या हातात दिली.

"मामा, तुमचा हातगुण आहे म्हणतात. पहिला घाव तुम्हीच घाला."

मामांनी पहार घेतली आणि चालू लागले. पोरं गोंधळून मागोमाग. मामा थेट हिरवळीच्या मधोमध जाऊन थांबले.

"हातगुण माझा न्हाय मॅडम. हितं खाली झरा हाय. मीच बुजवलाय."

मॅडमचा चेहरा उतरला. त्या हळूच म्हणाल्या, "दोन वर्षं तुम्ही आमच्याबरोबर खड्डे खणलेत, मामा." मामांनी पहार मारली, आणि पंधरा वर्षं जपलेलं गवत आपल्या हातानं उलटं केलं. प्राचार्य धावत आले, बरंच बोलले. मामा खाली बघून खणत राहिले.

तीन दिवस भर निघत होती. मॅडमही खणत होत्या, पण मामांशी एक शब्द बोलल्या नाहीत. ते मामांना पहारीपेक्षा जड गेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी काळी माती लागली, आणि दोन दगडांच्या फटीतून बोटभर पाणी पाझरू लागलं.

मामांनी पिशवीतून नारळ काढला. टोपी काढून, हात जोडून म्हणाले, "बा जागेवाल्या महाराजा, शब्द दिला होता, तो पाळायला लय उशीर झाला. ह्या लेकरांचा नि बाईंचा घाम मी फुकट घालवला. चुकलंमाकलं पदरात घे."

आणि ते थांबले. साथीची जागा आली होती. मागच्या वेळेसारखं स्वतःच म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

"व्हय महाराजा," मागून मॅडम म्हणाल्या. त्यांची आजी राजापूरची.

मग पोरांतला पराग म्हणाला, गुजराती हंसा अडखळत म्हणाली, आणि सगळीच पोरं म्हणाली. मामांना गाऱ्हाण्याचं पुढचं वाक्य काही केल्या आठवेना. पोरं हात जोडून वाट बघत उभी राहिली.