शुक्ला मॅडम थांबायच्या

आमच्या घरातली बंद पडलेली मराठी जिनं पुन्हा चालू करून दिली, तिला स्वतःला मराठी येत नव्हती.

शुक्ला मॅडम परवा गेल्या.

उज्जैनला फ्रीगंजच्या मागच्या गल्लीत, मेडिकलच्या वर त्यांच्या दोन खोल्या. जिन्याखाली छोट्या छोट्या चपलांचा ढीग. वर मुलं. बोलायला उशीर झालेली, अडखळणारी, अजिबात न बोलणारी. मॅडम स्पीच थेरपिस्ट होत्या.

पहिल्यांदा गेलो तेव्हा आमचा मुलगा चिन्मय चार वर्षांचा होता. कान तपासून झाले होते, एकदम ओके. पण शब्द नाही. पाणी हवं तर ग्लासाकडे बोट. राग आला की जमिनीवर आडवा.

त्याआधी एका शहाण्यानं सल्ला दिला होता, "घर में दो-दो भाषा मत रखो, बच्चा कन्फ्यूज होता है. सिर्फ हिंदी बोलो."

आम्ही ऐकलं. उज्जैनच्या मराठी माणसाला हिंदी काय जड? गॅरेजवर हिंदी, बाजारात हिंदी, भांडण तर हिंदीतच. घरातही करून टाकली.

अडचण एकच. आई.

आईची हिंदी भाजीवाल्यापुरती. भाव पाडायला फर्स्ट क्लास, नातवाचे लाड करायला शून्य. चार दिवस "बेटा, खाना खा लो" करून पाहिलं. मग गप्पच झाली. भरवायची, थोपटायची, सगळं मुक्यानं.

पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं, "माताजी बोलती नहीं हैं क्या?"

मी मोठ्या ऐटीत घरचा नियम सांगितला.

मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "भाई साहब, बच्चे को बोलना सिखाना है, और जो दिन भर उसके पास बैठती हैं, उन्हीं को चुप करा दिया?"

"लेकिन मॅडम, दो भाषा..."

"दो भाषा से कोई बच्चा गूंगा नहीं होता. माताजी, आपकी डाँट किसमें निकलती है?"

"मराठीत," आई म्हणाली. इतक्या दिवसांत तिचा आवाज पहिल्यांदा मोठा निघाला.

"तो बस. डाँटिए."

जिना उतरताना आई मला जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. होतं मात्र मराठीत.

मग माझी पाळी. मी स्कूटरचा मेकॅनिक. लोकांच्या जुन्या गाड्या दुरुस्त करत करत स्वतःचं गॅरेज उभं केलं, ते कानांच्या जोरावर. गाडी गेटातून आत येते तोवर मी बिघाड सांगतो, हे मॅडमनाही ऐकवलं.

"मतलब ग्राहक को बोलने ही नहीं देते," मॅडम म्हणाल्या.

"जरूरतच नहीं पड़ती, मॅडम. गाड़ी बोलती है."

"बेटा स्कूटर नहीं है, भाई साहब. पानी का गिलास उसके माँगने से पहले मत पकड़ाया कीजिए."

त्यांच्याकडे सगळ्या वस्तू घट्ट झाकणाच्या बरण्यांत असायच्या. साबणाचे फुगे, गाड्या, बिस्किटं. मुलाला दिसायचं सगळं, मिळायचं काही नाही. मॅडम बरणी हातात घेऊन बसायच्या. आणि थांबायच्या.

ते थांबणं बघवायचं नाही. आपल्या घरांत मूल तोंड उघडायच्या आत घास तयार असतो. त्यालाच आपण माया म्हणतो.

एकदा त्यांनी आईला वरणभाताचा डबा आणायला सांगितला. "जैसे घर में खिलाती हैं, वैसे ही."

आई सुरू झाली. हा घास चिऊचा. हा घास काऊचा. हा घास...

"अब रुकिए."

चिन्मयनं आ केला. आईचा हात आपोआप पुढे गेला. मॅडमनी मनगट धरलं.

"अहो, उपाशी ठेवता का पोराला!"

"रुकिए, माताजी."

"मॅडम, उसको वो चाहिए..." मी मधे पडलो.

"आप भी चुप."

खाली ऑटोवाल्याचा हॉर्न वाजत होता. चिन्मय घासाकडे बघतोय, आजीकडे बघतोय, मॅडमकडे बघतोय. ओठ थरथरायला लागले. माझ्या बायकोनं तोंड भिंतीकडे फिरवलं. आईच्या डोळ्यांत पाणी, बोटांत तो घास.

मॅडम हसऱ्या चेहऱ्यानं त्याच्याकडे बघत बसल्या होत्या. जणू काही दुसरं कामच नाही.

"दे!"

रागावून. ओरडून. आमच्या मुलाचा पहिला शब्द.

आईनं घास भरवला आणि पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मराठीत बोलला हो!"

"माताजी, हिंदी में भी 'दे' ही होता है."

"तुमच्यात होत असेल. हा आमच्यात बोलला."

मॅडम इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतली मुलं बघायला आली.

जादू नव्हती हो ती. पुढे कित्येक वर्षं तो जिना चढलो. शब्द आले, वाक्यं आली. आता कॉलेजात आहे. अजून अडकतो, विशेषतः चार लोकांसमोर. आणि अडकला की लोक प्रेमानं त्याचा शब्द उचलून त्याच्या हातात देतात. तो मान हलवतो आणि गप्प बसतो.

आज तिसऱ्या दिवशी मॅडमचा उठावना होता. शोकसभेला हॉल भरलेला. जवळचे लोक दोन-दोन शब्द बोलत होते. अचानक शेजारून चिन्मय उठला. मला न विचारता.

"मॅडम... म... म..."

अडकला.

शब्द माझ्या जिभेवर होता. गिळला.

आणि मग लक्षात आलं, हॉलमध्ये कोणीच काही बोलत नाहीये. कोणी खाकरलं नाही, कोणी मोबाईल काढला नाही. आईबाप बसले होते, आजीआजोबा बसले होते, त्या जिन्यावर मोठी झालेली मुलं बसली होती. सगळे त्याच्याकडे बघत होते, अगदी निवांत.

त्यानं श्वास घेतला.

"मॅडम मुझसे... कभी जल्दी में नहीं मिलीं."

पूर्ण वाक्य. त्याचं स्वतःचं. मग बसला.

मॅडम, जायची तेवढी घाई केलीत.

आमच्या सगळ्या घराचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.