नववं प्रकरण

पानावर पंजा पालथा ठेवायचा आणि म्हणायचं, "बस. पोरगी झोपली आहे, झोपू द्या तिले." नागपुरात सदर भागातल्या आमच्या वाचनालयात कादंबरी दिवसाला तुम्ही कधी आला असाल, तर हे वाक्य तुम्हालाही पाठ असेल.

लेखक नागपूरचाच. त्याच्या पुण्यतिथीला आम्ही त्याची ती जाडजूड कादंबरी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मोठ्याने वाचतो. एकदा वाटून दिलं की प्रकरण जन्मभराचं, दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही. नववं आमच्या बाइंडरचं होतं.

वाचनालयाची पुस्तकं तेच बांधत. बोटांना कायम खळीचा वास. शाळा चौथीपर्यंत, पण वाचू लागले की लोक पंखा बंद करायला लावत. चहासाठी आटपा म्हटलं की म्हणत, "काहून घाई करून राहिले सर? लिहिणाऱ्याले होती का घाई?"

नवव्या प्रकरणात नायकाची लहान मुलगी तापाने फणफणते आणि शेवटच्या पानावर दगावते. ते पान यांनी कधी वाचलं नाही. तिला झोप लागते तिथेच थांबत. दहावं प्रकरण उघडतं ते तेरवीच्या जेवणावर, त्यामुळे नवा श्रोता गोंधळून शेजाऱ्याला विचारायचा, "वारलं कोण?" आणि सभागृहात खसखस पिकायची.

मी चिटणीस, शिस्तीचा मोठा भोक्ता. एका वर्षी पाहुण्यांसमोर ओशाळलो आणि पुढच्या वेळी आधीच बजावलं, "लेखकाने लिहिलेलं गाळणारे आपण कोण? पूर्ण वाचा, नाहीतर प्रकरण सोडा."

"सोडून कसं चालंन सर? मंग तिच्याजवळ कोण बसंन?"

मी हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

त्या दिवशी त्यांचा पंजा पानावर आला तसा मी म्हणालो, "एक पान राहिलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात उचलला आणि ते पान न अडखळता, एका सुरात वाचून टाकलं. मग चष्मा खिशात घातला आणि चहा न घेता निघून गेले.

पुढे त्यांनी वाचनालयाचं काम नेणंही बंद केलं. घरी गेलो तर ते भिंतीकडे तोंड करून पडलेले. त्यांच्या बायकोने मला बाहेर आणलं.

"आमची पोरगी तापानंच गेली सर. हेच बसले होते उशाशी. झोपली समजून उठवलं नाही तिले. तुमच्याकडून आले का दरसाली मले सांगत, आज बी झोपलीच ठेवली."

मी दारातूनच माफी मागितली. त्यांनी कूस बदलली नाही. यंदाच्या कादंबरी दिवसाआधीच ते गेले.

नववं कोणी घेईना, म्हणून मी घेतलं. मुलीला झोप लागली तिथे थांबलो आणि पानावर पंजा ठेवला. मागून एक प्राध्यापिका अदबीने म्हणाल्या, "सर, एक पान राहिलं."

माझेच शब्द. मी हात काढला नाही. शेवटी दहाव्या प्रकरणाचे वकीलसाहेब उठले आणि तेरवीच्या पंगतीपासून वाचू लागले.

मागच्या रांगेत कोणीतरी शेजाऱ्याला हळूच विचारलं, "वारलं कोण?"

या वेळी कोणी हसलं नाही.