कॉन्सेप्टाचं दार

डब्लिनमधलं ते उंच, विटांचं घर एके काळी एका लॉर्डचं होतं. आता खोलीखोलीत एकेक कुटुंब राहत होतं. लॉर्डच्या दिवाणखान्यात कॉन्सेप्टा टॅलन जन्मली, लग्नानंतरही तिथेच राहिली. छतावर प्लास्टरची द्राक्षं अजून लोंबत होती. गेल्या थंडीत जिन्याचा कठडा सगळ्यांनी मिळून जाळला होता. यंदा खालचे नोलन मधल्या भिंतीतली लाकडं जळणासाठी काढू लागले.

मग कॉन्सेप्टाचं दार अडू लागलं. नवऱ्याने रंधा मारून दिला, तरी आठवड्यात पुन्हा अडलं.

"ओलीने फुगतं गं," किटी नोलन म्हणाली. "दारही तुझ्यासारखंच हट्टी."

"किटी, भिंतीला हात लावू नका आता."

"मग बाळाला काय, तुझी द्राक्षं जाळून शेकवू?"

कॉन्सेप्टा हसली नाही. वर जाऊन तिने दार नीट निरखलं. वरच्या एका कोपऱ्यात बोटभर फट होती, दुसऱ्यात दार घट्ट रुतलेलं. दार फुगलं नव्हतं, चौकटच कलली होती; खालची भिंत खचत होती.

तिने पोरांना कोट चढवले आणि त्यांना घेऊन खाली उतरली. जाता जाता किटीचं दार ठोठावलं.

"बाळाला घे आणि बाहेर ये."

आत लाकूड फोडल्याचा आवाज चालूच होता.