इंजिन फिरेपर्यंत

आमच्या दाजींएवढा मार खाल्लेला माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात सापडायचा न्हाई, आन् त्यांच्या अंगावर एक वळ दाखवा. दाजी म्हंजी माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. गाव राहू, नोकरी रांजणगावच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर, आन् शिफ्टच्या आठवड्यात मुक्काम कारेगावच्या खोलीवर. माणूस इतका शांत, की लग्नात हार घालताना भटजींना दोनदा विचारावं लागलं, नवरदेव कोणता. तर हे असे दाजी मार खायचे ते कॉम्प्युटरवरच्या मारामारीच्या गेममधी. दोन गडी समोरासमोर उभे ऱ्हात्यात, एकमेकाला बुकलत्यात, ज्याची रक्ताची पट्टी आधी संपली तो आडवा. असला गेम पोरं कळा बडवून खेळत्यात. दाजी तो शिकायला बसले हुते, जसं कुणी संस्कृत शिकायला बसतं.

सुरुवात झाली शिरूरला. यष्टीला वेळ हुता म्हणून दाजी स्टँडजवळच्या गेमच्या दुकानात शिरले आन् सातवीतल्या एका पोराकडून हरले. दुसरा माणूस हसून बाहेर पडला असता. दाजींनी पोराला उसाचा रस पाजला आन् इचारलं, "बाळ, तू मला मारलंस कसं?" पोरगं म्हणलं, "कळ दाबायची, काका." दाजींचं समाधान झालं न्हाई. "कळ मीबी दाबली हुती," एवढंच म्हणले, आन् पुढच्या सुट्टीला सायबर कॅफेत जाऊन बसले. तिथं त्यांना एक फोरम सापडला. फोरम म्हंजी पारावरची बैठकच, फक्त पार कुठंच न्हाई आन् माणसं कलकत्त्यापासून लुधियान्यापर्यंत पसरलेली. कुणी तोंड दाखवत न्हाई, खोटी नावं घेऊन लिहित्यात, आन् ह्या मारामारीवर असं बोलत्यात की ऐकणाऱ्याला वाटावं पाटबंधाऱ्याची मीटिंग चाललीय. दाजींना नाव सुचंना. म्या म्हणलं, दाजीच लिहा की. त्यांनी तेच लिहिलं. तवापासून सगळा देश त्यांना दाजी म्हणाय लागला, आन् आमच्या ताईला रक्षाबंधनाला राख्या पुरणार न्हाईत इतके भाऊ झाले.

गेममधी बाकीचे लोक पैलवान घ्यायचे, नाहीतर दंडावर साखळ्या गुंडाळलेला कुणीतरी. दाजींनी घेतली छत्रीवाली म्हातारी. पांढरा अंबाडा, पाठीत पोक, हातात काळी छत्री. तिला घेऊन खेळणारा माणूस म्या दुसरा बघितला न्हाई. दाजी तिचा उल्लेख कायम मान देऊन करायचे. "आज आजी लई चुकल्या," किंवा "आजींचं पाऊल जरा मागं पडलं, माझीच चूक." इचारलं, हीच का, तर म्हणले, "त्या थांबत्यात. बाकीचे समदे मारायला उतावीळ. आजी म्हणत्यात, आधी तू मार, मग बघू."

फोरमवर त्यांना कळलं की एका सेकंदाचे साठ तुकडे असत्यात, आन् कुठल्या फटक्याला किती तुकडे लागत्यात, हात परत माघारी यायला किती लागत्यात, ह्याच्यावरच समदा खेळ चालतो. प्रेस मशीनवरच्या माणसाला हे लगेच पटलं. पण मग दाजींना जगात दुसरं काय दिसंनाच. केडगावला आमच्याकडं लग्नात पंगतीला बसले हुते. वाढपी जिलबीची परात घेऊन वाकत वाकत पुढं गेला. दाजी माझ्या कानात म्हणले, "जड फटका हाय. ह्याला माघारी यायला वेळ लागणार. आत्ताच सांग, न्हाईतर मठ्ठा आल्यावर सापडायचा न्हाई." ताईचं आन् त्यांचं भांडणबी असंच. ताई बोलाय लागली की दाजी भिंतीला टेकून, हनुवटी खाली घालून बसायचे. म्या एकदा इचारलं, तुम्ही उत्तर का देत न्हाई? "ती दमली की देणार हाय," दाजी म्हणले. "सहा वर्सं झाली, अजून दमली न्हाई."

मला नकला करायची खोड. हेडमास्तर, कंडक्टर, स्टेशनवरची अनाउन्समेंटवाली बाई, समदे माझ्या गळ्यात मुक्कामाला. दाजींनी त्याचा बरोबर उपयोग करून घेतला. गेममधला प्रत्येक गडी फटका मारायच्या आधी एक ठराविक आवाज काढतो. ते आवाज म्या पाठ केले. मग राहूच्या घरी, ओसरीवर, दाजी डोळे मिटून बसायचे आन् म्या वरडायचो, "हुऽप." दाजी म्हणायचे, "खाली." म्या, "याऽहा." दाजी, "वर." म्या दुसरंच कायतरी गुरगुरायचो. दाजी, "काय करायचं न्हाई, थांबायचं." हे तासभर चालायचं. त्यांचे वडील, आबा, मेंढरं घेऊन आले आन् दारातच उभे ऱ्हायले. ताईला हळूच म्हणले, "सूनबाई, तुझ्या भावाला लागीर झालंय का? आन् आमचं येडं त्याला उत्तरं देतंय."

त्याच आबांची वाघर दाजींनी फोरमवर नेली. वाघर म्हंजी रानात मेंढरं कोंडायची जाळी. कुणीतरी इचारलं हुतं की समोरच्यानं मला पडद्याच्या कोपऱ्यात दाबलं तर सुटायचं कसं. दाजींनी मोडक्या हिंदीत, एका बोटानं टाइप करत, दुपारभर बसून उत्तर लिहिलं. वाघरीतलं जे मेंढरू घाबरून उडी मारतं, त्याचा पाय जाळीत घावतो. जे जाळीला अंग लावून गप उभं ऱ्हातं आन् कुत्रं जागचं हललं की त्याच जागेतनं निसटतं, ते सुटतं. लोकांना हे इतकं आवडलं की महिन्याभरात कलकत्त्याचा एक जण लिहीत हुता, काल मी दोन वेळा वाघरीत सापडलो. दाजी राहूला येऊन म्हणले, "आबा, आपली वाघर कलकत्त्याला गेली." आबा उठूनच बसले. "कुणी नेली? सांजच्याला तर बांधलीया."

एवढं समदं खरं, पण एक गोष्ट दाजींना आतनं खात हुती. ती त्यांनी मला केडगावच्या फाटकापाशी, गाडी बंद करून, सांगितली. कारेगावात त्यांच्याशी खेळणारे समदे कळा बडवणारे. दाजींनी मला हरवलं तर त्यात काय इशेष न्हाई, मला शिरूरची पोरं जेवता जेवता हरवत्यात. आन् फोरमवरच्यांशी नुसतं बोलणं, खेळणं न्हाई, कारण आपल्याकडच्या नेटवर एक फोटो उघडायला एक चहा लागायचा. "लोक मला इचारत्यात, मी सांगतो," दाजी म्हणले. "पण मला सोताला येतं का, ते मलाच ठाव न्हाई. विहिरीच्या काठावर बसून पोहायला शिकवल्यासारखं झालंय." म्या नकला करून इषय हसण्यावारी न्यायला बघितला. दाजी हसले न्हाईत.

दाजींना ह्या इद्येतलं निम्मं अधिक शिकवलं हुतं भोपाळच्या एका पोरानं. आम्ही त्याला भोपाळवालाच म्हणायचो. फोरमवर त्याचा दरारा हुता. एकदा त्यानं लिहिलं हुतं की समोरच्याची चूक दिसली आन् दया येऊन सोडून दिली, तर तुम्ही त्याला खेळाडू मानलंच न्हाई. हे वाक्य दाजींनी मला शंभर वेळा ऐकवलं असंल. तर ह्या भोपाळवाल्याला पुण्यात नोकरी लागली आन् त्यानं लिहिलं, फलाण्या दिवशी गाडीनं येतोय. दाजींनी टाइमटेबलात गाडी बघितली आन् थेट मला फोन केला. गाडी मनमाडकडनं येणारी हुती. तिकडनं पुण्याला जाणाऱ्या गाडीला दौंडात तोंड फिरवावं लागतं. पुढचं इंजिन सोडायचं, शेजारच्या रुळावरनं शेपटीकडं न्यायचं, तिथं जोडायचं, मग गाडी पुण्याकडं. अर्धा तास सहज जातो. बाकीची दुनिया त्या अर्ध्या तासात वडापाव खाते. दाजी म्हणले, "पुण्यात एकदा नोकरीला लागला की सापडायचा न्हाई. अर्ध्या तासात तीन डाव बसत्यात."

स्टेशनच्या समोर वरच्या मजल्यावर सलीमभाईंचा सायबर कॅफे हुता. त्याच्या खिडकीतनं समदं यार्ड दिसायचं. सलीमभाई म्हणले, "बिनधास्त या. पाहुणा माझ्या दारात येतोय, तुमच्या न्हाई." दाजींनी शिफ्ट बदलून घेतली, ताईनं धपाट्यांचा डबा दिला, आन् आम्ही सकाळी गाडी यायच्या लई आधी फलाटावर. दाजींनी सासुरवाडीला यायचा पांढरा शर्ट घातला हुता. त्यांच्या डोक्यातला भोपाळवाला म्हंजी आडदांड गडी. डब्यातनं उतरला एक काडी पैलवान, जाड भिंगाचा चष्मा, पायात चप्पल. तो दाजींना बघतच ऱ्हायला. "दाजी? मुझे लगा आप पचास साल के होंगे." दाजींनी डबा पुढं केला. "खाना बाद में," तो म्हणला, "टाइम कितना है?" म्या म्हणलं, "इंजिन सुटलंय, पळा." त्यानं सामान शेजारच्या बर्थवरच्या काकूंच्या स्वाधीन केलं आन् आम्ही पळालो.

पहिला डाव डोळ्याचं पातं लवायच्या आत गेला. भोपाळवाल्यानं तवा घेऊन लढणारा एक ढोल्या आचारी घेतला हुता. दाजींचे हात घामानं जॉयस्टिकवरनं सटकत हुते. आजी एकदाबी छत्री उघडायच्या आत आडव्या झाल्या. दाजींनी शर्टाला हात पुसले. म्या खिडकीत हुतो. अनाउन्समेंटवाल्या बाईच्या आवाजात सांगितलं, "यात्रीगण कृपया ध्यान दें, इंजिन बाजूच्या रुळावर आलेलं हाय."

दुसऱ्या डावात जे झालं ते म्या परत कवा बघितलं न्हाई. दोघंबी मारंनात. आचारी एक पाऊल पुढं, आजी एक पाऊल मागं. आजी पुढं, आचारी मागं. का तर दोन वर्सं ह्यांनी एकमेकाला पोटातलं समदं सांगून टाकलेलं. एकाला काय करावं वाटतंय ते दुसऱ्याला आधीच ठाव. बघायला रेल्वेतली दोन-तीन पोरं जमली हुती, त्यातलं एक म्हणलं, "हे भांडायला आल्यात का पोरगी बघायला?" सलीमभाईंनी त्याला डोळ्यानं गप केलं. पण दाजींकडं बघा तर कपाळावरची शीर उठलेली. डावाचा वेळ संपत आला तवा आजींनी छत्रीचं टोक नुसतं पुढं केलं, आचाऱ्याच्या पोटाला टोचलं, आन् परत मागं. वेळ संपला की ज्याचं रक्त जास्त उरलं तो जिंकला, त्यावर दुसरा डाव दाजींचा. भोपाळवाल्यानं चष्मा काढून पुसला. "क्या बात है," एवढंच म्हणला.

तिसऱ्या डावात इंजिन शेपटीला पोचलं, जोडलं, आन् शिट्टी झाली. म्या आवाज बदलायचा इसरलो, माझ्याच आवाजात म्हणलं, "जोडलं." भोपाळवाल्याची नजर एकदा खिडकीकडं गेली आन् त्यानं घाई केली. आचाऱ्याला लांबून उडी मारायला लावली. जी उडी मारू नका म्हणून त्यानंच साऱ्या देशाला सांगितलं हुतं, तीच. म्या दाजींकडं बघितलं. हे पाहुण्याला सोडणार, मला खात्री हुती. आमचे दाजी पंगतीत शेवटची भाकरीबी दुसऱ्याकडं सरकवत्यात. दाजींचा चेहरा एकदम मऊ झाला, आन् हात हालले. छत्री वरच्या वर उघडली. आचारी हवेतच, आन् त्याच्याखाली आजी एकामागं एक असे फटके मारत गेल्या, जसं कुणी निवांत धान्य पाखडावं. कंपनीच्या कँटीनमधी चमचा जॉयस्टिकसारखा धरून दाजींनी घोटलेले फटके ते. आचारी पडला.

भोपाळवाला उठला तो दाजींना कवटाळूनच. मग जिन्यावरनं तिघं खाली, फाटकातनं आत, गाडी हललेली. त्यानं दांडी धरली, आत चढला आन् दारात वळून वरडला, "दाजी, आपका आखिरी वाला छूट गया. एक और लगता था." दाजी गाडीबरोबर पळत. "कौनसा? नीचेवाला?" "नीचेवाला." "उसके बाद रुकनेका क्या?" "थोडा." म्या डबा त्याच्या हातात कोंबला. फलाट संपला तिथं दाजी थांबले. गाडी दिसंनाशी झाली तरी उभेच. मग बाकड्यावर बसले, धाप जाईपर्यंत बसले, आन् माझ्याकडं न बघता म्हणले, "येतंय रं मला."

ह्याला आता बरीच वर्सं झाली. भोपाळवाल्यानं फोरमवर त्या सकाळचं लांबलचक वर्णन लिहिलं, धपाट्यांसकट, आन् मग नोकरीत बुडाला. एक एक करून बाकीचेबी पांगले. हल्ली फोरमवर आठ-आठ दिवस कुणी फिरकत न्हाई. दाजी मात्र सुट्टीला शिरूरला जाऊन उघडून बघत्यात. मागं त्यांच्यासंगं गेलो हुतो, तर लई दिवसांनी एक नवीन माणूस आलेला. आसामातल्या कुठल्यातरी गावचा. त्यानं लिहिलं हुतं, इथं माझ्यासंगं खेळणारं कुणी न्हाई, मी नुसतं वाचून शिकतोय, मला येतंय का न्हाई हे कसं कळायचं? दाजींनी ते दोनदा वाचलं. मला वाटलं, आता दुपार जाणार. पण त्यांनी एकच ओळ लिहिली, की तुमच्या गावाला गाडी थांबते का, आन् थांबली तर किती वेळ थांबते.

अजून त्याचं उत्तर आलेलं न्हाई. दाजींनी मात्र कंपनीत इचारून ठेवलंय, सलग किती रजा मिळत्यात म्हणून.